सून ‘फाइन’ म्हणते तेव्हा

नमस्कार,

मी ६३ वर्षांची, सांगलीत राहते. मुलगा अमेरिकेत असतो, सून तिकडचीच. यंदा उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे राहून आले. सून वागायला चांगली आहे, तशी तक्रार नाही. पण तिचा एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. चहाचं विचारलं, “डू यू वॉन्ट टी?”, की म्हणायची, “आय अ‍ॅम फाइन.” मी चहाचं विचारतेय आणि ही तब्येतीचं सांगतेय! संकोच करत असेल म्हणून मी कप पुढे ठेवायची, तो तसाच गार व्हायचा. एकदा एवढा घाट घालून पुरणपोळ्या केल्या. “इज इट ओके?” विचारलं, तर “इट्स फाइन.” त्यातच लायब्ररीचं पुस्तक परत करायचं राहिलं, तर मुलगा म्हणाला, “फाइन बसेल.” म्हणजे दंडही फाइनच! आता दिवाळीत दोघं इकडे येणार आहेत. मी सुनेला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळा कार्यक्रम कळवला: कोल्हापूर, नरसोबाची वाडी, औदुंबर, पंढरपूर आणि माझ्या दोन्ही नणंदांकडे जेवण. उत्तर आलं एका शब्दाचं, “फाइन”, आणि पुढे टिंब. मुलाला विचारलं तर म्हणतो, “आई, फाइन म्हणजे फाइन.” हा शब्द चांगला की वाईट? आला कुठून? आणि मी यातून काय समजायचं?

– एक सासू, सांगली


ताई, नमस्कार.

तुमच्या चिरंजीवांना बायको आणि आई यांच्यामध्ये दुभाषा व्हायचं नाहीये, एवढाच “फाइन म्हणजे फाइन”चा अर्थ. त्यांना सोडून देऊ.

चहाचं आधी सांगते, कारण तिथे उत्तर सरळ आहे. खायला-प्यायला विचारल्यावर किंवा मदत देऊ केल्यावर अमेरिकन माणूस “आय अ‍ॅम फाइन” म्हणतो, तेव्हा तो “नको, मला काही लागत नाहीये” असं सांगत असतो. पुढे बहुतेक वेळा “थँक्स” असतं. तरुण मंडळी याच जागी “आय अ‍ॅम गुड” म्हणतात. त्याचाही अर्थ ‘नको’च. तुमचा गोंधळ शाळेतून आलेला आहे. “हाऊ आर यू? आय अ‍ॅम फाइन, थँक यू” हे आपण सगळ्यांनी एका सुरात घोकलं आणि फाइन म्हणजे प्रकृती ठणठणीत, हे डोक्यात पक्कं बसलं. खरं तर तिथेही तो प्रकृतीचा अहवाल नसतो. गुडघे दुखत असोत, रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसो, दुकानातल्या माणसाने विचारलं की “फाइन” म्हणायचं आणि पुढे सरकायचं. आपण “काय म्हणता?”ला “चाललंय” म्हणतो, तसं. (जाता जाता: “आय अ‍ॅम व्हेरी फाइन” आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. प्रकृती सांगताना इंग्रजी मायबोली असलेली माणसं तिथे ‘व्हेरी’ लावत नाहीत.)

पण कप गार झाला तो शब्दामुळे नाही, रीतीमुळे. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच. पाहुणा म्हणतो, “नको नको, आत्ताच घेऊन निघालो.” आपण म्हणतो, “अहो, अर्धा कप.” कप येणार हे दोघांनाही ठाऊक असतं. आग्रह केला नाही तर पाहुणा घरी जाऊन काय बोलेल, हेही ठाऊक असतं. तुमच्या सुनेच्या घरी पहिला नकार मोजला जातो. फार तर एकदा “आर यू शुअर?” विचारतात आणि विषय संपतो. नको म्हटल्यावरही पुढ्यात आलेल्या कपाचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मनात नसताना तो प्यायचा, की राहू द्यायचा? तिने राहू दिला. यात तुमचा अपमान नव्हता, आणि तुमच्या आग्रहात तिच्यावर जबरदस्ती नव्हती. मात्र तिला तो आग्रह ‘माझं नको हिला ऐकूच येत नाही’ असा वाटला असण्याचा संभव आहे. तेवढं लक्षात असू द्या.

आता पुरणपोळी. इथे शब्दाची एक खुबी कळली की बरंच काही सुटतं. फाइन वाक्यात कुठे बसलाय ते पाहायचं. नामाच्या आधी आला तर सहसा मोठी दाद असते. “शी इज अ फाइन डॉक्टर” म्हणजे नाणावलेली, हाताला गुण असलेली डॉक्टर. “अ फाइन इनिंग्ज” म्हणजे नजरेचं पारणं फेडणारी खेळी. तोच शब्द वाक्याच्या शेवटी गेला की एकदम खाली उतरतो. “द डॉक्टर इज फाइन” म्हणजे डॉक्टर बऱ्या आहेत, किंवा डॉक्टर चालतील, तक्रार नाही. एखाद्या अमेरिकन साहेबाने “युअर रिपोर्ट इज फाइन” म्हटलं की आपली मुलं खूश होऊन घरी फोन करतात. त्या वाक्याचा अर्थ इतकाच असतो की दुरुस्ती नको, पाठवून द्या. अर्थात, हा काही लोखंडी नियम नाही. “अ फाइन मेस” म्हणजे उत्तम गोंधळ नव्हे, घोळ घातल्यावर मारलेला तो टोमणा आहे. आपणही “छान दिवे लावलेस” म्हणतोच.

त्या हिशेबाने “इट्स फाइन” हे जेवणाचं कौतुक नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. अमेरिकेत जेवण आवडलं की माणसं हात आखडत नाहीत, ‘अमेझिंग’, ‘डिलिशस’ असे शब्द खुशाल उधळतात. पण निकाल देण्याआधी तुमचा प्रश्न पुन्हा वाचा. तुम्ही “इज इट ओके?” असं विचारलंत. म्हणजे मराठीत, “चालेल ना?” त्याला तिने “चालेल” असं उत्तर दिलं. चालेल ना विचारल्यावर “वा, काय चव आहे!” म्हणायचं सुचायला माणूस आपल्यातला लागतो. आपण विनयाने कमी मागतो आणि समोरच्याने भरभरून द्यावं अशी वाट पाहतो. इंग्रजीत ही युक्ती चालत नाही, तिथे जेवढं विचाराल तेवढं उत्तर येतं. पोळी तिला आवडली की नाही, हे त्या दोन शब्दांवरून तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. पुढच्या वेळी “शुड आय मेक इट लेस स्वीट?” असं विचारा. गूळ कमी करायचा की वाढवायचा, हे ती नेमकं सांगेल, आणि त्या उत्तरात तिला आवड-नावड बोलायला जागा मिळेल.

तुमचा दुसरा प्रश्न, शब्द आला कुठून. याचं उत्तर मला मनापासून आवडतं, त्यामुळे थोडं लांबेल.

मूळ लॅटिन शब्द फिनिस. त्याचा अर्थ हद्द, आणि शेवट. फिनिश, फायनल ही त्याचीच पिलावळ. इन्फिनिटी म्हणजे ज्याला शेवट नाही ते. डिफाइन म्हणजे शब्दाच्या अर्थाची हद्द आखणं, कन्फाइन म्हणजे हद्दीच्या आत कोंडणं. इटालियनमध्ये आजही शेवटाला ‘फीने’ म्हणतात आणि ते लिहितात हुबेहूब इंग्रजी फाइनसारखं. पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीत रचना जिथे संपते तिथे तो शब्द लिहितात. जुन्या फ्रेंचमध्ये या शेवटापासून एक विशेषण तयार झालं. जे आपल्या टोकाला पोचलंय, ज्यात आणखी सुधारायला काही उरलेलं नाही, ते. इंग्लंडवर १०६६ साली नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि पुढची काही शतकं दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच राहिली. त्या लोंढ्यात हे विशेषणही तेराव्या शतकाच्या सुमाराला इंग्रजीत उतरलं. उत्तम या अर्थाचा फाइन तो हा.

याचा पुरावा तुमच्या हातातल्या बांगडीवर असेल. हॉलमार्कच्या बांगडीवर ९१६ कोरलेलं असतं ना? हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोनं, म्हणजे २४ पैकी २२ कॅरेट. या आकड्याला इंग्रजीत फाइननेस म्हणतात, आणि सराफ बाजारात शुद्ध सोन्याचा हिशेब अजूनही ‘फाइन’मध्ये होतो. हीण काढत काढत शेवटाला नेलेलं सोनं ते फाइन, आणि तशी शुद्धी करणं म्हणजे रिफाइन. आपल्या पिशवीतल्या रिफाइंड तेलापर्यंत हा शब्द येऊन पोचलाय.

निगुतीने केलेली गोष्ट बहुधा बारीक आणि तलम असते, त्यामुळे फाइनला बारीक असाही अर्थ चिकटला. पेनाच्या निबवरचा फाइन तो हा. बांधकामावर वाळूला फाइन अ‍ॅग्रिगेट म्हणतात, ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून पडते ती. कराराच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात अटी छापतात, ती फाइन प्रिंट. आणि क्रिकेटमधला फाइन लेग हाही याच घराण्यातला: यष्टींच्या सरळ रेषेपासून जितका बारीक कोन, तितका चेंडू ‘फाइन’.

राहिला दंड. इथे गोष्ट कोर्टात शिरते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा तंटा राजाच्या न्यायालयासमोर समझोत्याने मिटला की त्या समझोत्याला फाइन म्हणत, कारण तो तंट्याचा शेवट. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर तीनदा लिहायचे, दोनदा वर शेजारी शेजारी आणि एकदा खाली आडवा. मग मधून नागमोडी कापायचे. वरचे दोन तुकडे दोन पक्षांना जात, खालचा न्यायालय ठेवून घेई. पुढेमागे कुणी खोटा कागद आणला तर नागमोडी कडा जुळायच्या नाहीत, लबाडी तिथल्या तिथे उघडी. खालच्या तुकड्याला नाव होतं ‘फूट ऑफ द फाइन’, फाइनचा पाय. ही पद्धत जुलै ११९५ मध्ये सुरू झाली आणि १८३३ च्या कायद्याने बंद झाली. ते पाय आजही लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेले आहेत. मधल्या काळात लोकांनी यातूनही वाट काढली. तंटा नसतानाही जमिनीच्या व्यवहारासाठी खोटा दावा लावायचा, लगेच समझोता करायचा, की सरकारदरबारी पक्का कागद तयार. आपल्याकडच्या खरेदीखतांच्या कथा ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

प्रकरण मिटवायला पैसे मोजावे लागत, त्या पैशालाही फाइनच म्हणू लागले. तिथून गुन्ह्याबद्दल भरायची रक्कम, म्हणजे दंड, हा अर्थ पक्का झाला. तुमच्या मुलाने सांगितलेला लायब्ररीचा फाइन या वाटेने आलाय: पैसे भरा, विषय संपवा. फायनान्स हा शब्दही इथलाच. देणं चुकतं करून हिशेब शेवटाला नेणं, असं त्याचं मूळ.

शेक्सपिअरने या सगळ्या अर्थांची एका वाक्यात मोट बांधली आहे. ‘हॅम्लेट’च्या पाचव्या अंकात स्मशानात राजपुत्रासमोर एक कवटी येऊन पडते. ही एखाद्या वकिलाची असेल, असं म्हणून तो तिची टर उडवतो: याच्या सगळ्या फाइनांचा म्हणजे जमिनीच्या कागदांचा फाइन म्हणजे शेवट हाच का, की याच्या फाइन म्हणजे देखण्या टाळक्यात फाइन म्हणजे बारीक माती भरावी? चार वेळा तोच शब्द, चार अर्थ. मराठीत आणायला गेलं की हा श्लेष हातातून निसटतो, म्हणून मी नुसता अर्थ सांगून मोकळी झाले.

तेव्हा हा शब्द चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तो गोष्ट मिटवणारा आहे. आपल्या ‘बरं’सारखाच. ‘बरं झालं’ आणि ‘बरं, बघू’ यांत फरक आहे, आणि भांडताना तोडून टाकलेला ‘बरं!’ आणखी तिसराच. नवरा-बायकोच्या वादात जोर देऊन आलेला “फाइन!” म्हणजे आपलं “ठीक आहे, कर तुला हवं ते.” तिथे कुणालाच ठीक वाटत नसतं.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरचा फाइन आणि त्यापुढचं टिंब. टिंबाने तुम्ही उगाच अस्वस्थ झाला नाहीत. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की ते उत्तर मुलांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर पूर्णविरामाने काही फरक पडला नाही. कारण उघड आहे. मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं, टिंब द्यायची गरजच नसते. गरज नसताना दिलेलं टिंब डोळ्यात येतं.

पण हे अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांचं झालं, तुमच्या सुनेचं नाही. एक काम करा. मोबाइल उघडा आणि तिचे मागचे मेसेज वर सरकवून बघा. ती प्रत्येक वाक्यापुढे टिंब देत असेल, तर हेही तिच्या सवयीचं आहे, विसरून जा. एरवी हसरे चेहरे, हृदयं, उद्गारचिन्हं पाठवणारी मुलगी यावेळी एक शब्द आणि टिंबावर थांबली असेल, तर तिला कार्यक्रम मान्य आहे पण मनातून पटलेला नाही, असं मी वाचेन.

दुसरं काम जरा अवघड आहे. तिच्या मेसेजबरोबर तुमचा स्वतःचाही वाचा. त्यात एकही प्रश्नचिन्ह नाही, हे मी पैजेवर सांगते. कोल्हापूर, वाडी, औदुंबर, पंढरपूर, दोन नणंदा. सगळं ठरवून कळवलेलं. ठरवून कळवलेल्या गोष्टीला ती दुसरं काय म्हणणार? “नको” म्हणणं उद्धटपणा झाला असता, आणि “वा वा” म्हणायला तिला त्यातलं कोल्हापूर कुठे आणि पंढरपूर कुठे हेही ठाऊक नाही. फाइन हा तिच्याजवळचा त्यातल्या त्यात सभ्य शब्द होता. (आणि ताई, आपल्यातच राहू दे, पण दोन्ही नणंदांकडे जेवण हा कार्यक्रम तुम्हाला तरी हवाय का, की करावा लागतो म्हणून?)

आता नवा मेसेज करा. मुलाला नको, थेट सुनेला. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. “दिस वॉज माय आयडिया. व्हॉट वुड यू लाइक टू सी? हाऊ मेनी डेज शुड वी कीप फ्री?” एवढं पुरे. जमलं तर दोन-दोन पर्याय ठेवा: कोल्हापूर की पंढरपूर, सकाळी निघायचं की जेवून. पर्याय दिला की फाइन म्हणून सुटता येत नाही, निवडावं लागतं. पंढरपूरला दर्शनाच्या रांगेत किती उभं राहावं लागतं, हेही आधी मोकळेपणाने लिहा. “आर यू फाइन?” असं मात्र विचारू नका. त्यातून ‘तुझं काही बिनसलंय का?’ असा अर्थ निघतो, आणि नसलेलं भांडण सुरू व्हायला तेवढं पुरतं. टिंबाचा विषय तर काढूच नका.

एक शेवटचं, दिवाळीतल्या तुमच्या स्वयंपाकघराबद्दल. एका संध्याकाळी ती ओट्याजवळ येऊन विचारेल, “कॅन आय हेल्प?” तुम्ही सवयीने म्हणाल, “नो, नो, आय अ‍ॅम फाइन, यू सिट.” आपली मराठी सून असती तर तिने ते कानाआड करून करंज्या लाटायला घेतल्या असत्या. ही खरोखर जाऊन सोफ्यावर बसेल, आणि ‘सुनेने चार दिवसांत इकडची काडी तिकडे केली नाही’ असं दुसरं पत्र मला येईल. मदत हवी असेल तर पहिल्याच खेपेला येस म्हणा आणि लाटणं तिच्या हातात द्या.